कानातला तुरीचा दाणा

लातूरच्या एका दाळ मिलच्या आवारात काही वर्षांमागे पाहिलेली गोष्ट आम्ही अद्याप विसरलो नाही. धान्य निवडणाऱ्या एका बाईच्या तीन वर्षांच्या मुलाने तुरीचा दाणा कानात घातला. शेजारणीने मायेपोटी कानात पाणी ओतले. मुकादमाने हजेरी कापण्याचा धाक घातला, म्हणून ती माउली संध्याकाळपर्यंत कामावरून उठली नाही. रात्री दाणा फुगला, पोर तळमळले. आणि जो दाणा आदल्या दिवशी सहज निघाला असता, त्यासाठी मुलाला भूल द्यावी लागली. हजेरीचा तंटा आम्ही युनियनवाल्यांनी मिटविला. परंतु या दाण्याचा इतिहास धुंडाळावा, असे तेव्हापासून मनाने घेतले.

इतिहास फार जुना आहे. शरीराला पीडा देणारी परकी वस्तू म्हणजे शल्य. शल्यतंत्र हे नावच त्यावरून पडले. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे मोजली आहेत. त्यांतील दोन तालयंत्रे, बारा अंगुळे लांब व माशाच्या टाळूसारखी, कान, नाक व नाडी यांतील शल्य काढण्यासाठीच सांगितली आहेत. शल्य काढण्याचे पंधरा उपाय दिले आहेत. धुणे, चोखून घेणे, लोहचुंबक लावणे हे त्यांतलेच. आणि सर्व यंत्रांत प्रधान कोणते? तर हात! हातावर पोट असलेल्या आम्हां मंडळींना हे वाचून धन्यता वाटली.

पण हाताला दिसले पाहिजे. 1841 साली हॉफमान या जर्मन डॉक्टराने मध्यभागी छिद्र असलेला आरसा कान तपासण्यासाठी पुढे आणला. 1855 नंतर ट्रोल्च याने तो रूढ केला. तडफडणारे मूल स्थिर राहिले पाहिजे, म्हणून भूल आली. लातूर ज्या निजामी राज्यात होते, त्याच्याच राजधानीत 1888 व 1889 साली क्लोरोफॉर्मची परीक्षा करणारे दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला थेट धोका नाही, हा त्यांचा निर्वाळा मात्र पुढे टिकला नाही.

तिसरी गोष्ट वस्तूची पारख. धान्य असेल तर पाणी वर्ज्य, कारण ते फुगते. जिवंत किडा असेल तर, कानाचा पडदा शाबूत असल्यास, आधी तेलाने मारावा, मग काढावा. गोल मणी चिमट्यातून निसटून आत जातो. त्याच्या मागे वाकडा आकडा नेऊन पुढे ओढावा लागतो. आणि हल्लीच्या खेळण्यांतील बटणाएवढा सेल अडकला, तर काही तासांत आतले मांस जळते. तेथे एक रात्रही थांबता येत नाही.

चौथे यंत्र आईचे. नाकात वस्तू अडकलेल्या मुलाची मोकळी नाकपुडी दाबून आईने त्याच्या तोंडात जोराने फुंकर घालावी, ही युक्ती 1965 साली न्यू जर्सीच्या एका साध्या डॉक्टराने प्रसिद्ध केली. 2012 सालच्या एका आढाव्यात सुमारे 60 टक्के मुलांत ती यशस्वी ठरल्याचे आढळले. डॉक्टराच्या देखरेखीखाली ती करावी, हे उत्तम.

पण फुंकर घालायला आई मोकळी हवी! फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन या डॉक्टराने लोकांच्या गळ्यांतून व श्वासनळ्यांतून दोन हजारांवर वस्तू काढल्या. आणि दाहक क्षार पिऊन भाजलेली मुले पाहून तो कायद्यासाठी झगडला. त्याचे फळ म्हणून 1927 साली अमेरिकेत अशा डब्यांवर विषाचा इशारा छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. 1976 च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. परंतु दहा-पंधरा बायांच्या दाळ मिलला हा आकडा कधी लागू पडणार होता?

सुश्रुतापासून आजवर विद्येने दाणा काढण्याचे काम चोख केले. मूल धान्याच्या राशीपाशी एकटे बसणार नाही, आणि बसलेच तर आईला हजेरी न बुडता उठता येईल, एवढे काम राहिले आहे. ते डॉक्टरांचे नव्हे, तुमचे-आमचे आहे.