विस्तवाची उसनवारी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत दहा-बारा शेगड्या एकदम धुमसत असत. चकल्या तळायच्या म्हणजे आच एकसारखी हवी, आणि त्यासाठी कोळसा आधी नीट फुललेला हवा. १९५५ च्या सुमारास, नऊ वर्षांचा असताना, शेगडी पेटवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. या विषयावर चाळीत बिऱ्हाडे तितकी मते होती. कोणाचा भरवसा नारळाच्या करवंटीवर, कोणाचा रॉकेलात भिजवलेल्या चिंधीच्या बोळ्यावर, तर कोणाचा फुंकणीवर आणि स्वतःच्या छातीवर.

आईची रीत निराळी होती. ती म्हणे, "रॉकेल कशाला नासतोस? जा, माईंकडून दोन निखारे घेऊन ये."

आईचा काटकसरी स्वभाव म्हणून मी ते सोडून देत असे. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की ही रीत काडेपेटीहून कितीतरी जुनी. पूर्वी गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडावी लागे आणि ती कापसात धरून फुंकून फुलवावी लागे. रोज पहाटे एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून रात्री निखारे राखेत पुरून ठेवीत. राखेमुळे हवा बेताचीच लागते आणि विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो. विझलाच, तर शेजारचे घर होतेच.

ही उसनवारी मोडली ती काडीने. इंग्लंडमधल्या स्टॉकटन गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पुढे काड्यांत पांढरा फॉस्फरस आला. काडी झटकन पेटू लागली, पण त्या वाफेने कामगारांच्या जबड्याची हाडे सडू लागली. १८८८ साली लंडनमधल्या एका कारखान्यातल्या सुमारे १४०० स्त्रिया आणि मुलींनी दंड व जाच यांविरुद्ध संप केला, तेव्हा या दुखण्याचीही चर्चा झाली. १९०६ साली बर्न येथे या फॉस्फरसावर बंदीचा करार झाला, आणि हिंदुस्थानात १९१३ साली तसा कायदा आला. आपल्या घरची निर्धोक काडी स्वीडनची देणगी. तिच्या पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस असतो. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना तर आमच्याजवळ, अंबरनाथलाच होता.

काडी आली तरी माझी शेगडी काही पेटेना! मी कोळसा गच्च भरी आणि वरून पंखा हाणी. एकदा आईने शेगडी उपडी करून दाखवली. जाळीतली राख झाडायची, खालचे दार मोकळे ठेवायचे, मोठे खडे खाली आणि बारीक वर, मधे पोकळी आणि पोकळीत निखारे. वारा घालायचा तो खालच्या दाराशी. वर बूड नसलेला पत्र्याचा डबा उभा केला, की आतली तापलेली हवा वर जाते, खालून थंड हवा आपोआप ओढली जाते आणि पंख्याचेही काम उरत नाही. करवंटी, बोळा, फुंकणी ही सारी निमित्ते. कोळसा पेटतो तो हवेने.

हे ज्ञान अर्धेच होते. उरलेले त्याच दिवाळीत मिळाले. अवेळी पाऊस आला म्हणून आईने फुललेली शेगडी आत घेतली आणि दार लावले. धूर नव्हता, वास नव्हता. करंज्या लाटता लाटता ती एकाएकी पोळपाटावर कोसळली. माझेही डोके ठणकत होते. माईंनी दार ढकलले, आईला ओढून गॅलरीत नेले, म्हणून ती वाचली. कोंडलेल्या खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो, हे मी कॉलेजात शिकलो. धुरावर आम्ही उगाच रागावत होतो. तो निदान डोळ्यांत पाणी आणून सांगत तरी होता. लालबुंद, साजरी शेगडी मुकाट मारते. आजही थंडीत कोणी बंद खोलीत शेगडी ठेवली, की मी आधी खिडकी उघडतो आणि मग रामराम करतो.

मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ सालीच आला होता. आमच्या बिऱ्हाडात यायला १९६८ उजाडले. आईने शेगडी त्याच आठवड्यात भंगारात दिली. मला हळहळ वाटली. ती म्हणाली, "तुला वाटणारच. खोकले कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माई सवयीने पळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे अजून शेगडीच होती. आई ओशाळली. "माई, निखारे नाहीत हो आता," ती म्हणाली आणि घाईघाईने गॅसवर चहाचे आधण ठेवले.

माई चहा पिऊन गेल्या. पळी रिकामीच होती.