पेटी आणि तिच्यांतील ठेव

तुळिंज गांवाहून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेलें म्हणजे सोपाऱ्याचें प्राचीन बंदर लागतें. तेथील 'बुरूड राजाचा कोट' या नांवानें ओळखला जाणारा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं इ. स. १८८२ मध्यें उकरला, तेव्हां आंत एक मोठा दगडी करंडा निघाला. करंड्यांत तांब्याचा डबा व त्याभोंवतीं आठ बुद्धमूर्ति. त्या डब्यांत चांदीचा, त्याच्या आंत दगडी, मग स्फटिकाचा, आणि शेवटीं सोन्याचा. सोन्याच्या डबींत काय होतें? मातीच्या भिक्षापात्राचीं खापरें!

खापरांसाठीं एवढा खटाटोप कां, असें कोणी विचारील. ठेव अमोल कीं क्षुल्लक, हें बाजार ठरवीत नाहीं. ती जतन करणारा ठरवितो. आणि जतन करावयाचें म्हणजे एकांत एक नीट बसेल अशा मापानें करावें लागतें. या दोन गोष्टी आम्हांस आठवल्या त्या मोठ्या पितळी वाद्याची पेटी निवडण्याचा प्रश्न पुढें आला तेव्हां.

हें वाद्य तसें अर्वाचीन. ट्यूबाचें पेटंट १८३५ सालीं बर्लिन येथें व्हीप्रेख्त व मोरित्स यांनीं घेतलें. लष्करी बँडांबरोबर असलीं वाद्यें हिंदुस्थानांत आलीं, आणि १८८५ मध्यें मेरठ येथें नादिर अली यांची वाद्यें बनविणारी पेढी निघाली. पुढें तीं वरातींत व विसर्जनाच्या मिरवणुकींत शिरलीं. पलटणीच्या बँडाचें सामान वाहण्याची सोय पलटण करी. लग्नाच्या बँडाच्या नशिबीं टेंपो आणि गर्दी. म्हणून पेटीचा विचार येथें अधिक निकडीचा आहे. कर्ण्यास पोचा आला तर वाद्य विद्रूप दिसतें. पण व्हॉल्व वांकडा झाला तर तें मुकें होतें, आणि ऐन लग्नसराईंत वाजविणाऱ्याची रोजी बुडते.

पेटी घेण्यापूर्वीं वाद्याची लांबी, कर्ण्याच्या तोंडाचा व्यास आणि व्हॉल्वांची बाजू मोजून घ्यावी. नुसत्या नांवावर किंवा अंदाजावर विसंबूं नये. बाहेरचें कवच प्लायवूडचें असो कीं फायबरग्लासचें, त्याच्या कठीणपणावर भुलूं नये. सैल पेटींत वाद्य आपल्याच वजनानें आपटतें. भार नळीच्या जाड वळणावर व कर्ण्याच्या मुळाशीं पडावा. कर्ण्याच्या पातळ कडेवर नव्हे, आणि व्हॉल्वांवर तर मुळींच नव्हे. वाद्य ठेवून, झांकण लावून, पेटी हलकेच डोलवावी. आंत हालचाल जाणवली तर ती पेटी आपली नव्हे. मुखनळीस वेगळा कप्पा असावा. वाद्य आधींच जड, त्यांत पेटीची भर. तेव्हां चाकें व दोन्ही बाजूंस मजबूत मुठी पाहाव्या. जो वाद्य स्वतःच्या खांद्यावरून नेतो त्यास जाड अस्तराची पिशवीहि पुरेल. ज्याचें सामान परक्या हातांनीं लादलें जातें त्यानें मात्र कठीण पेटीच घ्यावी.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे दमट हवा. वाजवून झाल्यावर आंतील पाणी काढून, पुसून, मगच झांकण लावावें; नाहींतर रक्षणासाठीं घेतलेली पेटीच ओल कोंडून ठेवते, आणि अस्तराला बुरशी व पितळेला हिरवा डाग येतो.

सोपाऱ्याच्या करंड्यांत खापरें शेकडों वर्षें राहिलीं, कारण त्यांना कोणी हलविलें नाहीं. वाद्यास ही सवलत नाहीं. त्यास रोज उघडावें आणि रोज वाहावें लागतें. म्हणून त्याची पेटी त्या करंड्याहूनहि अधिक विचारानें निवडली पाहिजे.