सक्तीची शाळा आणि वर्गणीचे ग्रंथालय : बडोदे संस्थानचा एक धडा

इ. स. १८९३ साली काठेवाडातील अमरेली गावी व त्याच्या आसपासच्या नऊ खेड्यांत एक नवा नियम अमलात आला. ठराविक वयाच्या प्रत्येक मुलास शाळेत पाठविणे हे पालकांचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि त्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. अमरेली बडोदे संस्थानच्या मालकीची असली, तरी राजधानीपासून दूर व आडबाजूची होती. प्रयोग फसला तर फार गाजावाजा होऊ नये आणि साधला तर त्याचा विस्तार करता यावा, अशा बेताने ही जागा निवडली गेली असावी. पुढे तेरा वर्षांनी, म्हणजे १९०६ साली, हाच नियम सबंध संस्थानास लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती.

या घटनेचे महत्त्व पटण्यास त्या काळातील इतर तारखा डोळ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत. खुद्द इंग्लंडात शाळेतील हजेरी सर्वत्र सक्तीची झाली ती १८८० साली, म्हणजे अमरेलीच्या प्रयोगापूर्वी अवघी तेरा वर्षे. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. तरीही मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांचा कायदा १९१८ साली झाला, आणि करवीरात शाहू छत्रपतींनी सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा आरंभ १९१७ साली केला. बडोदे या सर्वांच्या पुढे होते, हे निर्विवाद आहे.

परंतु एखादे संस्थान पुढे होते एवढे सांगून इतिहासकाराचे काम संपत नाही. शाळा निघाल्या, ग्रंथालये निघाली, कायदे झाले. पण त्यांनी माणसाचे जीवन किती सुखाचे झाले आणि शेजाऱ्याविषयीची त्याची जबाबदारीची जाणीव किती वाढली, हा खरा प्रश्न आहे. बडोद्याच्या उदाहरणात या प्रश्नाचे उत्तर एकेरी नाही, आणि म्हणूनच ते शिक्षकांनी अभ्यासण्यासारखे आहे.

प्रथम कर्त्या पुरुषाचा विचार करू. मल्हारराव गायकवाड १८७५ साली पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव झाले. त्या वेळी त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. त्यानंतर इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले. राज्यकारभाराची घडी दिवाण सर टी. माधवराव बसवीत होते. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला एक मुलगा शिक्षणाने काय होऊ शकतो, याचे प्रत्यंतर त्यांना स्वतःच्याच आयुष्यात आले होते. संधी मिळाली नसती तर आपणही कवळाण्याच्या शिवारातच राहिलो असतो, हे त्यांना उमगले नसेल असे म्हणवत नाही.

शिक्षणाची गरज त्यांना कळली, तरी प्रजेला ती तशीच कळेल असे नव्हते. शेतावर राखणीला बसणारे, गुरे वळणारे किंवा धाकट्या भावंडांस सांभाळणारे मूल शाळेत गेले की घराचा एक हात कमी होतो. पुष्कळ पालकांनी दंड भरणे पत्करले, पण मूल पाठविले नाही. त्यातच संवत् १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लक्ष १५ हजार होती; १९०१ मध्ये ती सुमारे १९ लक्ष ५३ हजार भरली. ज्या प्रदेशातून दहा वर्षांत साडेचार लक्षांहून अधिक माणसे नाहीशी होतात, तेथे पाटीपेन्सिलीची सक्ती क्रूर वाटण्याचा संभव होता. तरीही दुष्काळानंतर थोड्याच वर्षांत सक्तीचा विस्तार झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या समाजाने पोटाची एवढी हानी सोसली, त्याला केवळ धान्य पुरवून भागत नाही. हिशेब, सरकारी नियम व सावकाराचा कागद वाचता येणे हेही त्याच्या स्वास्थ्याचे साधन आहे, अशी या धोरणामागील दृष्टी दिसते.

येथे एक गोष्ट आपण मराठी वाचकांनी विनम्रपणे मान्य केली पाहिजे. बडोद्याचे राजघराणे मराठी, दरबारातील मोठा वर्ग मराठी. परंतु प्रजा बहुतांशी गुजराती होती. खेड्यांतील शाळांचे माध्यम गुजरातीच राहिले. मराठी साहित्यासही महाराजांनी उदार आश्रय दिला, बडोद्यास १९०९ व १९२१ साली मराठी साहित्य संमेलने भरली, आणि १९३२ साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषविले. तथापि स्वभाषेचा अभिमान प्रजेच्या भाषेआड येऊ दिला नाही, यातच या शिक्षणकार्याचे एक मोठे मर्म आहे.

मुलाला शाळेत आणणे सक्तीने साधते. पण शाळा सोडल्यावर त्याची अक्षरओळख टिकावी कशी? पाच वर्षे शिकून घरी बसलेला मुलगा पुढील पाच वर्षांत सारे विसरतो, हा अनुभव शाळाखात्यास लवकरच आला. या अडचणीतून ग्रंथालयांची योजना जन्मास आली. महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन येथून विल्यम अॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले. तीन वर्षांच्या अवधीत बोर्डनने मध्यवर्ती ग्रंथालयाची बांधणी केली व ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग चालविला. राजवाड्यातील महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह लोकांच्या ग्रंथालयास मिळाला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत धाडली जात आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोसत असे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाने चित्रे दाखविण्याचीही सोय होती.

परंतु या चळवळीचे श्रेय केवळ महाराजांस व परदेशी तज्ज्ञास देणे अन्यायाचे होईल. बोर्डन येण्यापूर्वीच चरोतर भागात मोतीभाई अमीन या शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ‘मित्रमंडळ’ नावाची छोटी वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. पुढे हेच मोतीभाई संस्थानच्या ग्रंथालय खात्यात आले व त्यांनी गावोगाव हे कार्य नेले. राजाने वरून पाठविलेली पेटी आणि शिक्षकाने खालून उभारलेले मंडळ, या दोहोंची गाठ पडली म्हणूनच बडोद्याची ग्रंथालये जगली, असे आमचे मत आहे.

या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग तिच्या पैशाच्या व्यवस्थेत होता. खेड्याने आपल्या ग्रंथालयासाठी वर्गणीने काही रक्कम जमवावी. तेवढीच प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असे हे त्रिभागाचे तत्त्व होते. वरवर पाहता ही खर्चाची वाटणी वाटते. खरे पाहता ती जबाबदारीची वाटणी होती. सर्व पैसा सरकारने दिला असता, तर कपाट मोडले की गावकरी सरकारकडे बोट दाखविते. सर्व पैसा गावाने द्यावा असे म्हटले असते, तर गरीब गावात ग्रंथालय निघालेच नसते. एक तृतीयांश स्वतःच्या पदरचा असल्यामुळे पुस्तक कोणी नेले, परत आले की नाही, पंचांनी हिशेब दाखविला की नाही, हे विचारण्याचा हक्क गावकऱ्यास मिळाला. जो हिशेब विचारू लागतो तो हळूहळू नागरिक होऊ लागतो. शाळेने त्याला वाचावयास शिकविले. पण ग्रंथालयाच्या सभेने त्याला चारचौघांत बसून एका सामाईक गोष्टीची काळजी वाहावयास शिकविले.

येथवरची कथा यशाची आहे. तिची दुसरी बाजू न सांगितली तर आपण आपल्यालाच फसविल्यासारखे होईल. महाराजांनी १८८२ सालापासून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून बहुधा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०८ साली पंडित आत्माराम यांस बोलावून त्या शाळांचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले. मुले शिकली, वसतिगृहे निघाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण या शाळा वेगळ्या होत्या. आतली मुले अक्षरे शिकत होती. बाहेरची मुले त्यांच्या शेजारी बसण्यास शिकत नव्हती.

याचा परिणाम १९१७ साली सर्वांस दिसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बडोदे सरकारने १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले होते. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी असा करार होता. त्याप्रमाणे ते बडोद्यास आले. परंतु या विद्यावान तरुणास राजधानीत राहावयास जागा मिळेना. नाव लपवून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालवून दिले. दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली, तीही निष्फळ ठरली. अखेर सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि मुंबईची गाडी धरली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

या प्रसंगाचा विचार शांतपणे केला पाहिजे. ज्या शहरात महाविद्यालय होते, कलाभवन होते, नवे ग्रंथालय होते, सक्तीचा कायदा होता, त्याच शहरात हे घडले. दार बंद करणारे सर्वच निरक्षर होते असे नाही. म्हणजे विद्या होती, संस्था होत्या, राजाची इच्छाही होती. उणीव होती ती एकत्र वावरण्याच्या सवयीची. ती सवय कायद्याने लागत नाही आणि पुस्तक वाचूनही आपोआप लागत नाही. एका बाकावर बसून, एका सभेत मत देऊन, एका पाणवठ्यावर पाणी पिऊनच ती लागते. ज्या संस्थेत माणसे वेगवेगळी येतात व वेगवेगळीच परत जातात, ती संस्था ज्ञान देऊ शकते. शेजारधर्म देऊ शकत नाही.

म्हणून सयाजीरावांचे कार्य निष्फळ होते, असे म्हणणे मात्र मोठी चूक ठरेल. त्याच शिष्यवृत्तीने ज्यांना जगातील विद्या मिळाली, त्यांनी पुढे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला गेले ते बडोद्याच्या साहाय्याने, आणि परतल्यावर १९०६ साली त्यांनी अस्पृश्योद्धाराचे मंडळ काढले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४० साली साताऱ्यास काढलेल्या विद्यालयास सयाजीरावांचे नाव दिले. त्यांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून, एकत्र जेवून, स्वतः काम करून शिकत होती. बडोद्यास जे अपुरे राहिले, ते साताऱ्याच्या त्या पंगतीत पुरे करण्याचा प्रयत्न झाला, असे म्हणता येईल.

सयाजीराव १९३९ साली निवर्तले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले, आणि १९६० पासून ती भूमी गुजरात राज्यात आहे. राजा गेला, संस्थानही गेले. ज्या संस्थांत लोकांचा तिसरा भाग होता, त्यांना मात्र पोरके होण्याचे कारण नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांस हा धडा परका नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. हैदराबादची विवेकवर्धिनी १९०७ सालची. अशा कित्येक संस्था लोकांनी पदरमोड करून उभारल्या. त्या आपल्या भाषेचे आश्रयस्थान आहेत, यात संशय नाही. परंतु आश्रयस्थानाचे कुंपण होण्यास वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत. आपल्या ग्रंथालयाचा भार वाहणारे नवे सभासद यंदा किती आले? आणि पूर्वी ज्याला आपल्या ओसरीवर जागा नव्हती, असा एखादा तरी माणूस यंदा आपल्या शेजारी येऊन बसला काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बडोद्याने देऊन ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तर त्याला पुरतेपणी देता आले नाही. ते देण्याचे काम आपल्याकडे आले आहे.