बूट काढून ठेवताना

मागच्या वर्षी मला टीम लीड केलं, तेव्हा पहिले तीन महिने मी रात्री गुपचूप इतरांचा कोड दुरुस्त करत बसायचो. स्वतःच्या हाताने केल्याशिवाय काम झालंय असं वाटायचंच नाही. त्याच सुमारास झेल्को ओब्रादोविचबद्दल वाचलं. त्याचं १९९१ साल अजून डोक्यातून जात नाही.

सर्बियातल्या चाचाकचा हा बास्केटबॉलपटू. गावच्या बोरात्स क्लबातून १९८४ साली बेलग्रेडच्या पार्टिझानमध्ये आला. युगोस्लाव्हियाकडून १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि १९९०च्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. १९९१च्या उन्हाळ्यात तो रोममधल्या युरोपीय स्पर्धेची तयारी करत असताना पार्टिझानने त्याला प्रशिक्षकपद देऊ केलं. वय ३१, प्रशिक्षणाचा अनुभव शून्य. त्याने खेळणं तिथेच थांबवलं. राष्ट्रीय संघाने त्याच्याशिवाय रोममध्ये सुवर्ण जिंकलं.

त्याला मिळालेला संघ तरुण पोरांचा होता. सल्लागार म्हणून सोबत होते अलेक्सांदर निकोलिच, युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे जनक मानले जाणारे प्रशिक्षक. देश मात्र फुटत होता. युद्धामुळे युरोपीय चषकाचे 'घरचे' सामने बेलग्रेडऐवजी माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादामध्ये खेळावे लागले. तिथल्या लोकांनी या परक्या संघाला आपलं मानलं.

१६ एप्रिल १९९२, इस्तंबूल. अंतिम सामन्यात बादालोनाच्या हुव्हेन्तुतकडे ७०-६८ अशी आघाडी, हातात काही सेकंद. साशा जोर्जेविच चेंडू घेऊन धावत गेला आणि तीन गुणांचा फटका मारला. ७१-७०. कालपर्यंत ओब्रादोविच त्याच्याच बरोबर खेळत होता; त्या क्षणी तो बाहेर उभा राहून फक्त बघू शकत होता.

पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. विजेता संघ युरोपातून बाद झाला. जोर्जेविच मिलानला, दानिलोविच बोलोन्याला गेला. १९९३मध्ये ओब्रादोविच गेला तो हरवलेल्या हुव्हेन्तुतकडेच, आणि १९९४ साली त्यांनाही तोच चषक मिळवून दिला. पुढे रेआल माद्रिद, मग अथेन्सच्या पानाथिनाइकोसबरोबर पाच वेळा, २०१७ला इस्तंबूलचं फेनेरबाहचे. पाच क्लब, नऊ युरोपीय अजिंक्यपदं. २०२१मध्ये तो पुन्हा पार्टिझानला परतला.

या नऊपैकी एकाही चषकासाठी त्याने स्वतः एकही बास्केट केलेली नाही. पण ज्याच्या हातून व्हायला हवी, तो तयार असेल हे पाहिलं.

परवा टीममधल्या एका नव्या मुलीचा बग रात्री साडेअकराला माझ्या डोळ्यांसमोर होता. उत्तर दिसत होतं. हात शिवशिवत होते. लॅपटॉप बंद केला. सकाळी तिने तो सोडवला होता, माझ्या डोक्यात होता त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने. खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.