रत्नागिरी पाहताना मंडाले

आज समुद्रकाठच्या शहरांपैकी रत्नागिरी घेऊ. रत्नागिरीला जाणारा माणूस साधारण काय करतो? मे महिना असेल तर हापूसच्या पेट्या, भाट्याच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ, रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, जमलं तर पतितपावन मंदिर, आणि मग गाडी गणपतीपुळ्याकडे. यात वावगं काहीच नाही. पण एक सकाळ राखून ठेवा आणि ती दोन घरांना द्या, एवढंच माझं म्हणणं. एक, खाडीवरच्या टेकाडावरचा थिबा राजवाडा. दुसरं, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. लोक दोन्ही पाहतात, पण सुटीसुटी पाहतात. ती एका दमात पाहायला हवीत.

आधी राजवाड्याची गोष्ट. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांची फौज इरावती नदीतून वर चढली आणि मंडाले पडलं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपायालात आणि मुलींसह आधी मद्रासला आणलं, 1886 मध्ये रत्नागिरीला. तीन दशकांपूर्वी याच सरकारने दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तिथेच 1862 मध्ये तो वारला. म्हणजे बघा, इथला बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे.

पण रत्नागिरीच का? कारण ती लांब होती. रेल्वे नव्हती. मुंबईहून बोटीने यायचं, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाट बंद. ज्या समुद्राकडे आपण हौसेने पाहतो, तो सरकारच्या हिशेबात एक आयती भिंत होता.

आता दुसऱ्या घराकडे या. 23 जुलै 1856 ला टिळकांचा जन्म रत्नागिरीत झाला. 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगायला सरकारने त्यांना पाठवलं कुठे? मंडालेला! म्हणजे 1908 ते 1914 या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत. 1910 साली थिबाचं कुटुंब या नव्या राजवाड्यात राहायला आलं, आणि त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते.

‘लांब’ हा शब्द आपल्याला भूगोलातला वाटतो. पण कुठलंही गाव स्वतःहून लांब नसतं, ते कुणापासून तरी लांब असतं. मंडाले थिबाचं घर होतं, टिळकांची हद्दपारी होती. रत्नागिरीचं नेमकं उलट. गावं तीच, कोणतं गाव कुणासाठी लांब, हे ठरवायची सत्ता तिसऱ्याच्या हातात होती.

इथे एक सोपा निष्कर्ष खुणावतो, तो मात्र टाळा. एकाने कैदेत ग्रंथ लिहिला, दुसरा वाड्यात बसून राहिला. एक कर्मयोगी, दुसरा ऐदी. ऐकायला छान वाटतं, पण ते न्याय्य नाही. टिळकांवर निदान खटला चालला. न्याय झाला नसेल, पण आरोप काय ते माहीत होतं, शिक्षेला मुदत होती, वाचायला पुस्तकं होती आणि बाहेर वाट पाहणारा समाज होता. तरीही 1912 मध्ये पत्नी गेल्याची बातमी त्यांना तिथेच ऐकावी लागली. तो बंदिवास सुखाचा नव्हताच. पण थिबावर आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. ज्याचं काम राज्य करणं, त्याचं राज्यच काढून घेतलं आणि हाती पेन्शन ठेवली. तीस वर्षं! डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. छप्पर राजवाड्याचं असलं म्हणून कैद सौम्य होते का, हा प्रश्न त्या उंच खिडक्यांपाशी उभं राहून स्वतःला विचारावा.

आणि त्या चार मुली? त्यांचा तर काहीच अपराध नव्हता. धाकटी जन्मलीच रत्नागिरीत. राणी 1919 मध्ये ब्रह्मदेशात परतली, राजाचा देह मात्र इथेच राहिला. थोरल्या राजकन्येला राजवाड्यावरच्या एका मराठी पहारेकऱ्यापासून मुलगी झाली. ती नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत साध्या घरात संसार केला. राजवंशाचा इतिहास लिहिणारे बहुतेकदा राजाच्या मृत्यूपाशी थांबतात. तो इतिहास इथे मात्र रत्नागिरीच्या आळ्यांतून पुढे चालत राहिला.

तर क्रम असा ठेवा. सकाळी राजवाडा, तिथलं संग्रहालय निवांत पाहा. मग गावातली थिबाची समाधी. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपाशी आले होते. आपले पर्यटक सहसा जात नाहीत. तिथे दहा मिनिटं थांबा. त्यानंतर टिळक आळी. टिळकांच्या घरात मंडालेचा उल्लेख निघेल, तेव्हा त्या समाधीची आठवण ठेवा. संध्याकाळी भाट्याला जाच, समुद्र सुंदर आहे. फक्त टेकाडावरून तीस वर्षं तोच समुद्र पाहणाऱ्या माणसाला तो कसा दिसला असेल, याचा क्षणभर विचार करा. प्रश्न असतील तर आता घेऊ.