स्वस्तात मिळालं म्हणून...

"कितीला पडलं?" हा प्रश्न आपण मराठी माणसं जितक्या आवडीने विचारतो तितक्या आवडीने दुसरा कुठलाच विचारत नसू. उत्तरातला आकडा लहान असला की सांगणारा खूष आणि ऐकणाराही खूष. वस्तूची गरज होती का, हा मुद्दा गौण. सेलमध्ये मिळाला म्हणून आणलेला दुसरा मिक्सर कुठल्या घराच्या माळ्यावर नाही?

इथे ओहायोत आल्यावर कळलं की हे वेड काही आपली मक्तेदारी नाही. मध्यंतरी ऑफिसातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत मोठ्या कौतुकाने फोनवरचा फोटो दाखवला. नवं पिस्तूल. साहेब दुकानात गेले होते मासे पकडायचा गळ घ्यायला. "कशासाठी घेतलंस?" असं विचारलं तर म्हणाला, "खास असं काही नाही रे. पण शंभर डॉलर्स कमी लावले होते, सोडवेना." घरात आधीची दोन होतीच! बाकीचे लोक किंमत ऐकून माना डोलवत होते. मी मात्र त्या 'सोडवेना'पाशी अडकलो.

भारतातून फोन आला की काका-मामा हमखास विचारतात, "तिकडे बंदुका खरंच भाजीसारख्या मिळतात का रे?" आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून परवान्याची भानगड मागे लागली, त्यामुळे 'स्वस्तात मिळाली म्हणून घेतली' हे वाक्य बंदुकीच्या बाबतीत आपल्या कानावर येतच नाही. इथे ते सहज येतं. ते कधीपासून येतं हे शोधत मी बरंच वाचलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय. बंदूक असावी की नसावी या वादात मला शिरायचं नाही. त्यावर इथले लोक रोज भांडतात, आणि माझ्या एका लेखाने ते थांबणार नाहीत.

सुरुवात होते ती एका पेटंटपासून. रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाने १८५५ साली रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्याला आरपार भोकं पाडायची कल्पना पेटंट केली. साधी वाटते, पण धातूचं तयार काडतूस मागच्या बाजूने भरायचं तर हीच युक्ती लागते. स्मिथ अँड वेसन कंपनीने ती घेतली, व्हाइटला नगामागे २५ सेंट्स द्यायचं कबूल केलं आणि बाकी सगळ्यांची तोंडं बंद करून टाकली. (कोर्टकचेरीचा खर्च मात्र व्हाइटच्या गळ्यात! तो बिचारा त्यातच बुडाला.) १८६९ साली पेटंटची मुदत संपली आणि बांध फुटावा तसं झालं. कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लहानमोठ्या कारखान्यांमधून छोट्या, हलक्या, स्वस्त रिव्हॉल्वरांचा लोंढा बाहेर पडला. कोल्टचं नावाजलेलं रिव्हॉल्वर सतरा डॉलर्सच्या आसपास पडायचं. मजुराला दिवसाला जेमतेम एक-दीड डॉलर मिळायचा, म्हणजे दोन आठवड्यांची कमाई गेली. आणि ही नवी खेळणी मिळायची एक-दोन डॉलर्सना! नावंही कशी, तर 'डिफेंडर', 'रेड जॅकेट', 'ट्रॅम्प्स टेरर'. म्हणजे भिकाऱ्या-भटक्यांचा कर्दनकाळ. संग्राहकांनी या सगळ्या जातीला पुढे 'सुइसाइड स्पेशल' असं नाव ठेवलं. ते चेष्टेत ठेवलं असलं तरी मला वाचताना हसू आलं नाही.

सतरा डॉलर्स जमवायला वेळ लागतो. घरात विचारावं लागतं, उधार मागावं लागतं. तेवढ्या वेळात डोक्यातली राख निवते. दोन डॉलर्स मात्र खिशातच असतात. किंमत ही कुणी मुद्दाम बांधलेली भिंत नव्हती, पण राग आणि चाप यांच्या मधे ती उभी होती एवढं खरं.

१९०१ चं उदाहरण घ्या. लिऑन चॉलगॉश या बेकार तरुणाने बफेलो शहरात २ सप्टेंबरला एक आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्वर विकत घेतलं. किंमत साडेचार डॉलर्स. चारच दिवसांनी, ६ तारखेला, त्याने तिथल्या प्रदर्शनात हाताला रुमाल गुंडाळून राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींच्या समोर रांग लावली आणि दोन गोळ्या झाडल्या. १४ तारखेला मॅकिन्ली गेले. ही कंपनी सायकलीही बनवायची, हे वाचून उगाचच विचित्र वाटलं.

कायदे झाले, पण गंमत बघा. १९२७ साली काँग्रेसने टपालातून पिस्तुलं पाठवायला बंदी घातली. पण टपालातून म्हणजे सरकारी टपालातून! खाजगी पार्सल कंपन्यांना कुणी अडवलं नव्हतं. १९६३ च्या जानेवारीत ली हार्वी ऑस्वाल्डने खोट्या नावाने कूपन भरून लॉस एंजेलिसच्या एका दुकानातून रिव्हॉल्वर मागवलं. २९ डॉलर्स ९५ सेंट्स, दहा डॉलर्स आगाऊ आणि बाकीचे पार्सल मिळाल्यावर. ते रेल्वे एक्सप्रेसने डॅलसला पोचलं. मूळचं ते दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटनला पाठवलेलं आणि युद्धानंतर भंगाराच्या भावात परत आलेलं. पाठोपाठ शिकागोच्या दुकानातून मागवलेली रायफल तर दुर्बिणीसकट १९ डॉलर्स ९५ सेंट्सना. केनेडींवर गोळ्या झाडल्या त्या याच रायफलीने, आणि त्यानंतर तासाभरात टिपिट हा पोलीस मेला तो त्या रिव्हॉल्वरने. दोन्ही मिळून पन्नासच्या आसपास डॉलर्स.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते यातल्या कुठल्याच खुन्याने न घेतलेल्या एका पिस्तुलाने. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठी दंगल झाली. त्या धास्तीत एका वयस्क गृहस्थाने घराच्या रक्षणासाठी म्हणून एक छोटं रिव्हॉल्वर घेतलं, हेही आयव्हर जॉन्सनच. तीसेक डॉलर्सचं. दंगल शमली, रिव्हॉल्वर पडून राहिलं. घरात नको म्हणून ते मुलीकडे गेलं. तिलाही नको होतं, तिने शेजारच्या मुलाला दिलं. त्या मुलाने पंचवीस डॉलर्सना विकलं ते सिरहान बंधूंना. ५ जून १९६८ ला याच रिव्हॉल्वरने सिरहान सिरहानने रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या. या साखळीत पहिल्या तिघांपैकी कुणीच दुष्ट नाही. भीतीपोटी घेतलेली एक स्वस्त वस्तू अडगळ झाली, आणि अडगळ आपण सगळेच कुणाला तरी देऊन टाकतो. पण मिक्सर दिला तर फार तर बंद पडतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगही गेले होते. ऑक्टोबरात नवा कायदा आला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामान्य ग्राहकाला पार्सलने बंदूक मागवायला बंदी. आणि परदेशातली, 'खेळासाठी योग्य' नसलेली स्वस्त पिस्तुलं आणायलाही बंदी. अशा पिस्तुलांना तोवर 'सॅटरडे नाइट स्पेशल' हे नाव पडलं होतं. शनिवारी रात्री पगार, दारू आणि भांडण एकत्र येतात, त्या वेळी कामाला येणारी.

आता व्यापारी डोकं कसं चालतं ते पाहा. पिस्तूल आणायला बंदी, सुट्या भागांना नाही! जर्मनीच्या रोम कंपनीने सरळ मायामीत जुळणी सुरू केली. ऑक्टोबर १९८० मध्ये जॉन हिंक्ली नावाच्या तरुणाला नॅशव्हिलच्या विमानतळावर तीन पिस्तुलांसह पकडलं. साडेबासष्ट डॉलर्स दंड झाला, पिस्तुलं जप्त झाली. चारच दिवसांनी त्याने डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून याच रोमची दोन रिव्हॉल्वरं घेतली, ४७ डॉलर्सना एक. ३० मार्च १९८१ ला त्यातल्या एकातून दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. राष्ट्राध्यक्ष रेगन वाचले. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले.

दुसरीकडे देशातल्या देशातच एक नवा धंदा उभा राहिला होता. १९७० मध्ये जॉर्ज जेनिंग्ज या यंत्रकारागिराने लॉस एंजेलिसजवळ रेव्हन आर्म्स काढली. पोलादाऐवजी जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतायचा की झालं पिस्तूल. पुढे त्याच्या गोतावळ्यातल्यांनी अशाच कंपन्या काढल्या. गॅरन विंटम्यूट या डॉक्टरने १९९४ साली त्यांच्यावर लिहिलेल्या अहवालाला 'रिंग ऑफ फायर' असं नाव दिलं. तेव्हा देशात बनणाऱ्या पिस्तुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या मोजक्या कारखान्यांतून निघत होती. इलिनॉयने तर कायद्यात वितळणबिंदू घातला. ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळणारं जस्ताचं पिस्तूल विकायचं नाही!

यातल्याच ब्रायको कंपनीच्या पिस्तुलाने १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सात वर्षांच्या एका मुलाला जन्माचं जायबंदी केलं. कुणीतरी घरातलं पिस्तूल रिकामं करायला गेलं, आणि या पिस्तुलाची तऱ्हाच अशी की गोळी काढायची तर आधी सुरक्षेची कळ उघडावी लागे. पुढे कोर्टाने कोट्यवधी डॉलर्सची भरपाई सांगितली, कंपनीने दिवाळं काढलं आणि २००४ मध्ये कारखान्याचा लिलाव निघाला. तोवर सतरा वर्षांचा झालेल्या त्या मुलाने लोकांकडून पैसे गोळा करून लिलावात बोली लावली. कशासाठी, तर उरलेली सगळी पिस्तुलं वितळवून टाकायला. बोली हरली. कारखाना जुन्या फोरमनने घेतला आणि पिस्तुलं पुन्हा बनायला लागली.

मग स्वस्त पिस्तुलांवरच सरसकट बंदी का नको? मलाही आधी हेच वाटलं. पण इथे दुसरी बाजूही ऐकायला हवी. १८७९ मध्ये टेनेसीने कायदा केला की फक्त सैन्यात आणि नौदलात चालणारी पिस्तुलंच विकता येतील. कागदावर अगदी निःपक्षपाती. प्रत्यक्षात ती महागडी पिस्तुलं जुन्या गोऱ्या सैनिकांच्या घरी आधीपासून होती, आणि नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसाला परवडत होती ती फक्त दोन डॉलर्सची. रात्री दारात मुखवटे घातलेला जमाव येण्याची खरी भीती त्यालाच, आणि हत्यार नेमकं त्याचंच गेलं. किमतीची भिंत रागाला अडवते, पण ती माणसाची जात आणि खिसा बघून अडवते. हे विसरून चालणार नाही.

म्हणून मला किमतीपेक्षा वाट बघायला लावणं जास्त पटतं. पाच दिवस, दहा दिवस. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखेच. जेम्स ब्रेडींच्या नावाने १९९३ साली झालेल्या कायद्यात पाच दिवसांची मुदत होती. १९९८ मध्ये संगणकावर झटपट तपासणी सुरू झाली आणि देशभरची ती मुदत गेली. काही राज्यांनी आपापली ठेवली. आमच्या ओहायोत ती नाही. तपासणीत गुन्ह्याची नोंद दिसते. आज सकाळी बायकोशी झालेलं भांडण, किंवा कालच गेलेली नोकरी दिसत नाही.

विंटम्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खरेदीदारांचा अभ्यास छापला. पिस्तूल घेतल्यावर पहिल्या आठवड्यात त्या लोकांमधलं बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या ५७ पट होतं. हा आकडा वाचला त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. आणि लक्षात घ्या, तिथे तेव्हा पंधरा दिवसांची मुदत होती, तरीही हे. अर्थात मुदतीने सगळं थांबत नाही. पण थोडं नक्कीच थांबतं. २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, मुदत असलेल्या ठिकाणी बंदुकीने होणारे खून १७ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचं दिसलं.

आपल्या जुन्या बायका सांगायच्या, रागाच्या भरात पत्र लिहावं, पण उशाखाली ठेवावं आणि सकाळी टाकावं. एवढंच शहाणपण आहे हे.

ऑफिसातल्या त्या मित्राला मी एकच विचारलं, की घरातली ती तिन्ही पिस्तुलं कुठे असतात. त्याचा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि सध्या कुणाशी फारसं बोलत नाही, असं तोच एकदा म्हणाला होता. तो जरा थांबला आणि म्हणाला, "एक कपाटात, बाकीची... बघायला हवं." पुढच्या आठवड्यात त्याने कुलपाची तिजोरी घेतली. पूर्ण किमतीला. सेल नव्हता म्हणाला.

असो, बरंच लांबलं. इकडे राहणाऱ्या तुमच्यापैकी कुणाच्या घरी पिस्तूल असेल (आणि बऱ्याच देशी दुकानदारांकडे, मोटेलवाल्यांकडे असतं हे मला माहीत आहे), तर घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही. पण ते कुठे आहे, एवढं आज घरी गेल्यावर बघा.