अद्भुत कथेतील सदोष नायक : 'मुक्तामाला' ते 'ययाति'

मराठी कादंबरीचा आरंभ पाहू गेल्यास दोन वाटा प्रथमपासूनच वेगळ्या झालेल्या दिसतात. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःस्थितीचे प्रत्यक्ष चित्र रेखाटते. उलट लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या कृती राजवाडे, कारस्थाने, वियोग आणि अखेरचे मीलन यांच्या जगात वावरतात. या दुसऱ्या वाटेस आपण 'अद्भुतरम्य' म्हणतो. या वाटेवरील नायक सदोष केव्हा झाला, आणि तो सदोष झाल्याने आपल्या वाङ्मयास काय लाभले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली अडचण प्रांजळपणे मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की विवाहाच्या आपल्या चालीमुळे व इतर कारणांमुळे हिंदू लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे दुर्गुणही आढळत नाहीत आणि सद्गुणही आढळत नाहीत; नित्याचे अनुभव लिहावेत तर त्यांत गोडी नाही, म्हणून करमणुकीच्या ग्रंथास अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. आज हे वाचताना हसू येते. पण त्यात एक मर्म आहे. कथेस चित्तवेधक दुर्गुण लागतात हे रिसबुडांनी ओळखले होते. मात्र अद्भुताच्या प्रदेशात पाऊल टाकल्यावर हे दुर्गुण नायकाच्या वाट्यास आले नाहीत. ते सारे खलपुरुषाच्या पदरात पडले. नायक रूपवान, शूर, एकनिष्ठ. नायिका सुशील आणि सोशिक. संकट येणार ते बाहेरून, आणि खलाचे पारिपत्य होताच सर्व काही पूर्ववत होणार. नायकाने स्वतः काही वाईट केले आहे आणि त्याचे फळ दुसऱ्या कोणास भोगावे लागले आहे, असा प्रसंग या कथांच्या मांडणीत बसणेच कठीण होते.

या कादंबऱ्यांवर टीका लवकरच सुरू झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक' या विषयावरील निबंध १८७२ चा आहे. परंतु टीकेचा मुख्य रोख राहिला तो असंभाव्यतेवर. नायकाच्या निर्दोषपणाचे कोणास फारसे वावडे नव्हते. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या 'मधली स्थिती'पासून (१८८५) माणसाचे दोष मराठी कादंबरीत उघडपणे आले, पण ते सामाजिक कादंबरीच्या दाराने. अद्भुताचा नायक बराच काळ तसाच धुतलेल्या तांदळासारखा राहिला.

वास्तविक सदोष नायकासाठी परक्या वाङ्मयाकडे पाहण्याची आपणांस गरज नव्हती. आदिपर्वातील ययातीचे आख्यान घराघरांत ठाऊक होते. शाप आणि वर, संजीवनी विद्या, मेलेल्याचे जिवंत होणे, वार्धक्याची अदलाबदल, इतके अद्भुत क्वचितच एका कथेत सापडेल. आणि या अद्भुताच्या केंद्रस्थानी जो राजा उभा आहे, तो मोठा यज्ञकर्ता असूनही पत्नीस फसविणारा आहे. देवयानीशी विवाह करून तो तिची दासी झालेल्या शर्मिष्ठेशी गुप्त संबंध ठेवतो. ते उघडकीस येताच शुक्राचार्य त्यास अकाली वार्धक्याचा शाप देतात. तेव्हा तो पुत्रांकडे तारुण्य मागतो. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु नकार देतात आणि पित्याच्या शापास पात्र होतात. धाकटा पुरु होकार देतो आणि राज्य मिळवतो. सहस्र वर्षे भोग भोगल्यावर उपभोगाने वासना शमत नाही, हे राजास उमगते आणि तो तारुण्य परत करतो.

व्यासांनी ययातीचे दोष झाकले नाहीत. तथापि आख्यानाचा भर त्यास झालेल्या बोधावर आहे. पुत्राच्या अंगी ते वार्धक्य कसे गेले असेल, हे आख्यान सांगत नाही. त्यागाचे मोल राज्य देऊन चुकते होते आणि कथा पुढे सरकते.

वि. स. खांडेकर यांनी १९५९ साली 'ययाति' प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी या आख्यानाची रचनाच बदलली. कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून प्रथमपुरुषी निवेदनाने येते. वरकरणी ही एक निवेदनपद्धती. पण नैतिक परिणामाच्या दृष्टीने सारे काही तीत आहे. नायक स्वतः बोलू लागला की त्याच्या बाजूने झुकण्याचा मोह वाचकास होतो. त्याचे बालपण, पित्यास मिळालेल्या शापाची छाया, मृत्यूची भीती, हे सर्व ऐकता ऐकता आपण त्यास क्षमा करू लागतो. इतक्यात शर्मिष्ठा बोलू लागते आणि त्या क्षमेची किंमत कोण देत आहे हे समोर येते. देवयानीचेही तसेच. ती अहंकारी आहे, कठोर आहे. पण तिचे ऐकल्यावर तिला केवळ खलनायिका म्हणून बाजूस सारता येत नाही. शिवाय खांडेकरांनी कचास संयमाचा प्रतिनिधी म्हणून ययातीसमोर उभे केले, म्हणजे दुसरी वाट उपलब्ध होती हेही वाचकास सतत दिसत राहते. कचाचे पात्र अतिआदर्श झाल्याचा आक्षेप घेण्यास जागा आहे. पण ययातीच्या बाबतीत खांडेकरांनी रिसबुडांची अडचण सोडविली, हे मान्य करावे लागेल. या कादंबरीस १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. मराठीस मिळालेले हे पहिले ज्ञानपीठ होय.

बेळगाव-धारवाड भागातील वाचकांस येथे कन्नडची आठवण होणे स्वाभाविक आहे. गिरीश कार्नाड यांचे 'ययाति' हे नाटक १९६१ मध्ये धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. त्यात कार्नाडांनी पुरूची पत्नी चित्रलेखा हे पात्र नव्याने आणले. पतीचे तारुण्य सासऱ्याने घेतल्यावर आपले काय, हा तिचा प्रश्न आहे, आणि तिचा शेवट आत्मघातात होतो. राजाच्या दोषाचा हिशेब मांडताना जी व्यक्ती पूर्वी कोणाच्या ध्यानीही आली नव्हती, तिला नाटककाराने रंगभूमीवर आणले. मराठी आणि कन्नड दोन्ही लेखकांस सुचलेली गोष्ट मुळात एकच : नायकाचा दोष खरा वाटावयाचा, तर ज्यास तो भोवला त्यास वाणी दिली पाहिजे.

हे न झाल्यास काय होते, ते शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) दिसते. तेथेही कर्णासह सहा जण निवेदन करतात. पण त्यांत कुंती आहे, वृषाली आहे, दुर्योधन आहे, शोण आहे, श्रीकृष्ण आहे; द्रौपदी नाही. द्यूतसभेत कर्णाच्या शब्दांनी जी घायाळ झाली, तिचे निवेदन नसल्यामुळे कर्णाचा दोष हळूहळू त्याच्यावरील अन्यायात विरघळून जातो. कादंबरी अफाट लोकप्रिय झाली ती याही कारणाने असेल. आपणांस दोषी नायक आवडतो. पण त्याच्या दोषाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता आली तर अधिक आवडतो.

हा विवेक केवळ कादंबरीपुरता आहे असे मला वाटत नाही. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर दूर प्रांतांत स्थायिक झालेल्या काही मराठी घराण्यांचे छापील इतिहास वाचण्याचा योग आला. मूळ पुरुष पराक्रमी, दानशूर, देवभक्त. जहागीर गेली ती भाऊबंदांच्या कपटाने किंवा परक्या सत्तेच्या अन्यायाने. 'मुक्तामाले'चाच हा साचा. त्या मूळ पुरुषाच्या बायका, धाकटे भाऊ, वाड्यातील आश्रित आणि जमीन कसणारी कुळे यांच्या तोंडून तोच इतिहास कसा उतरला असता, हे कोणी विचारीत नाही. पूर्वजांची निंदा करावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. ययातीचे दोष सांगून व्यासांनी पुरुवंशाचा अपमान केला, असे भारतीय परंपरेने कधी मानले नाही. त्याच वंशात पुढे कौरव-पांडव झाले, आणि त्यांचे दोषही तितक्याच मोकळेपणाने सांगितले गेले. घराण्याचा इतिहास लिहिण्यास बसणाऱ्याने निदान एक प्रकरण शर्मिष्ठेसाठी राखून ठेवावे, एवढेच सुचवावेसे वाटते.